माझा एरिया आणि मुरुडची मावशी

लोक प्रवासाला जातात ते देवदर्शनाला, लग्नाला नाहीतर हवापालटाला. मी भांडायला गेलो होतो. हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर आणि तिथून लातूरजवळचं मुरुड असा चार दिवसांचा प्रवास झाला. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, ‘तिथं नेमकं झालं काय?’ तोंडी सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी भांडण कशाचं ते सांगितलं पाहिजे. हदगावात केबल मी आणली. दहावी नापास माणूस, खिशात पक्कड आणि खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन लोकांच्या गच्च्या पालथ्या घातल्या, कुत्री चावून घेतली, एकदा निंबाच्या झाडावरून पडून हात मोडून घेतला. पुढे स्वतःचं लोकल चॅनेल काढलं. दुपारी जुना पिक्चर, संध्याकाळी गावातली लग्नं आणि उद्घाटनं, आणि पडद्याच्या तळाला सरकणारी जाहिरातीची पट्टी. माझं घर त्या पट्टीवर उभं राहिलं. पट्टीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे नांदेडचे एक साडीवाले शेठ. पंचमी असो, लग्नसराई असो, त्यांची पट्टी बारा महिने फिरायची.

यंदा त्यांचा निरोप आला. पट्टी थांबवा, आम्ही आता मुरुडच्या मावशीकडे जाहिरात देतो.

ही मावशी कोण, ते मला माझ्याच घरात कळलं. बायको तिखटाच्या डब्याला फोन टेकवून भाकरी थापत होती आणि फोनमध्ये डोक्यावर पदर घेतलेली एक बाई कालची मालिका सांगत होती. अर्ध्या तासाचा भाग दोन मिनिटांत, वर सासूची नक्कल आणि शिव्या वेगळ्या. मी म्हणालो, ‘अगं, केबलवाल्याची बायको तू. बाहेरच्या खोलीत एवढा मोठा टीव्ही आहे.’

ती म्हणाली, ‘टीव्हीवर नुसती मालिका असते.’

यावर मी बरंच बोललो. तिनं ऐकलं नाही, कारण फोनचा आवाज मोठा होता.

शेठची पट्टी गेली म्हणजे चॅनेल बंद. चॅनेल बंद म्हणजे उरलेले लोकही केबलचे बॉक्स परत आणून देणार. एका इंटरनेट कंपनीचा माणूस तर येऊनही गेला होता. तुमच्या खांबांवरून आमची तार नेऊ आणि तुम्हाला पगारावर ठेवू, असं तो मला माझ्याच खुर्चीत बसून सांगत होता. त्याला मी चहाही न देता वाटेला लावलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. एकाच्या एरियात दुसऱ्याने वायर टाकायची नाही. टाकलीच, तर ज्याने टाकली त्याच्या दारात जायचं, चहा प्यायचा, नकाशा मांडायचा, हा खांब तुझा आणि तो माझा असं ठरवायचं आणि मगच उठायचं. हिमायतनगरच्या बाजूचा एक तंटा मी असाच मिटवला होता. तेव्हा तालुक्याचा नकाशा गुंडाळून पिशवीत घातला आणि मावशीकडून एरिया सोडवून आणायला निघालो. माझ्या डोक्याला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

नांदेड

अर्धापूरला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून केळी घेतली. अर्धापूरची केळी चांगलीच असतात, पण ते विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मी नाक मुरडून अर्ध्या भावात डझन मागितली. बाईनं दिली. गाडी हलल्यावर मोजली तर दहा होती. प्रवासाची सुरुवात अशी झाली.

शेठचं दुकान वजिराबादकडच्या गर्दीत आहे. पूर्वी तिथं गादीसमोर भिंतीवर टीव्ही असायचा. बाया मालिका बघत बसायच्या, बघता बघता साड्या उलगडल्या जायच्या. आता टीव्हीवर टॉवेल वाळत होता. त्याच्याखाली उजेडाचं एक मोठं गोल कडं तिकाटण्यावर उभं केलेलं होतं, आणि तीस वर्षांचा मिशीवाला सेल्समन खांद्यावर पैठणी टाकून त्या कड्यासमोर गिरक्या घेत होता. पगार तोच, असं त्यानं मला हळूच सांगितलं.

शेठनी बसवलं, चहा मागवला. म्हणाले, ‘दिगंबरराव, गुस्सा नका करू. तुमच्या पट्टीनं किती बाया आल्या, सांगता येतं का मला? मावशीनं केतकीची जांभळी साडी दाखवली तर दुसऱ्या दिवशी बाया फोन पुढं करून उभ्या. हीच पाहिजे म्हणून राहिल्या.’

केतकी म्हणजे साडेसातच्या मालिकेतली सोशिक सून.

‘शेठ, केतकी ती साडी नेसते ती माझ्याच केबलवरून दिसते ना!’

‘दिसते हो. बघतं कोण?’

मी उठून उभा राहिलो. आवाज चढला. गिऱ्हाईक बाया वळून बघायला लागल्या तसा शेठनी माझा हात धरून खाली बसवलं. मी म्हणालो, ‘ती बाई माझ्या तालुक्यात दिसायची बंद झाली तर?’

शेठ हसून हसून खोकले. ‘तसं तिच्याकडून लिहून आणा. वर्षाची पट्टी चालू. आठ दिवस थांबतो मी.’

शब्द पक्का करून घेतला आणि बाहेर पडलो. आता हे पोटात उरलेलं भांडण घेऊन जायचं कुठं, म्हणून गुरुद्वाऱ्याकडे वळलो. लंगरमध्ये पंगतीत बसलो. वाढणाऱ्यानं दोन्ही हातांच्या ओंजळीत रोटी दिली, डाळ वाढली, पुन्हा आला, पुन्हा वाढलं. मी आयुष्यभर भाव करत आलेला माणूस. जिथं भावच नाही तिथं माझी फार पंचाईत होते. घास गोड लागत होता आणि आपण कुठंतरी फसतोय असंही वाटत होतं. शेवटी उठून मागच्या बाजूला गेलो आणि तासभर ताटं घासली, तेव्हा जीव हलका झाला. शेजारी ताटं घासणारे सरदारजी म्हणाले, ‘आराम से, आराम से, थाली का क्या कसूर?’

लातूर

लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचलो ते भुकेला. निलंगा राईसची गाडी दिसली. प्लेट भरून पिवळाजर्द भात आणि वरून तळलेली मिरची. इथं मी भाव केला नाही, कारण पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि बोलताच येईना.

लातूर हे क्लासचं गाव. इथं भिंतीवर देवापेक्षा पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो जास्त. गंजगोलाईतून रमतगमत निघालो तर एका जिन्यावर पाटी दिसली, ‘रील क्रॅश कोर्स. डेमो लेक्चर मोफत.’ शत्रूचं हत्यार बघून घ्यावं म्हणून वर चढलो.

साठ खुर्च्या, साठ वह्या. एक नवरदेव-नवरी, दोन किराणावाले, बाकी गृहिणी. फळ्यावर सरांनी खडूनं तीन सेकंदांचे तीन भाग पाडले होते. ‘पहिला सेकंद, चेहरा. दुसरा सेकंद, धक्का. तिसऱ्याला अंगठा थांबला पाहिजे. अंगठा पुढं सरकला, तुम्ही नापास.’ दर रविवारी टेस्ट, मागे पडलेल्यांची वेगळी बॅच, आणि पहिल्या येणाऱ्याचा फोटो जिन्यात. लातूर पॅटर्न म्हणतात तो हाच.

मी हात वर केला. ‘सर, आमच्या मालिकेत सून जिना उतरायला आठवडा घेते. तुम्ही तीन सेकंदांत काय दाखवणार?’

सर म्हणाले, ‘काका, तो आठवडा तुम्ही बघायचा. आम्ही फक्त ती जिन्यावरून पडते तेवढं घेतो.’

वर्ग हसला. मी विचारलं, ‘मग तो आठवडा बघायला कोण उरणार?’

सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ‘चांगला प्रश्न आहे. सिलॅबसमध्ये नाही.’

बाहेर पडताना फी विचारली. सांगितली ती ऐकून मी अर्धी म्हणालो. काउंटरवरची मुलगी ‘चालेल’ म्हणाली. इतक्या लवकर चालेल म्हणाली याचाच मला राग आला आणि मी कोर्स घेतला नाही.

मुरुड

सकाळी सुशीला खाऊन निघालो. मुरमुऱ्याची ही गोष्ट आमच्याकडेही करतात, पण लातूरकर तिच्यात दाण्याचा कूट हात सैल सोडून टाकतात, हे कबूल केलं पाहिजे. मुरुडला पोचलो. बाजार मोठा, गाव बोलकं. मावशीचं घर विचारावं लागलं नाही. स्टँडवरच्या पानवाल्यानं माझ्या पिशवीकडं बघून विचारलं, ‘मावशीकडं का? ओटीचं सामान इथंच घ्या, तिकडं महाग हाय.’

‘कुणाची ओटी?’

‘केतकीचं डोहाळजेवण हाय न आज.’

मला वाटलं मावशीच्या लेकीचं नाव केतकी असेल. घरासमोर पोचल्यावर उलगडा झाला. अंगणात मांडव घातलेला होता. मधोमध फुलांनी मढवलेला झोपाळा, आणि झोपाळ्यावर मालिकेतल्या केतकीचं माणसाएवढं फ्लेक्स बसवलेलं. फ्लेक्सच्या गळ्यात फुलांचा हार, दंडाला फुलांचे बाजूबंद टाचण्यांनी टोचलेले. पायांशी पाट्यांची रांग होती. साडी सौजन्य, बांगड्या सौजन्य, पेढे सौजन्य, मांडव सौजन्य. साडी सौजन्यात माझ्या शेठचं नाव सगळ्यात ठळक होतं. ते अक्षर मी ओळखतो. ती पट्टी मी बारा वर्षं टाइप केलेली आहे.

मावशी म्हणजे कौसल्याबाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, नजर अशी की माणूस तोलून झाल्यावरच ‘या’ म्हणणार. सून पूजा फोन घेऊन त्यांच्या मागेपुढे. मी रीतीप्रमाणे बसलो, चहा घेतला, आणि मुद्द्यावर आलो.

‘बाई, तुम्ही माझ्या एरियात शिरलात.’

‘मी? गुडघा दुखतोय म्हनून मी परवा लातूरला बी गेले न्हाई.’

‘हदगाव तालुक्यात घराघरात दिसता तुम्ही.’

‘दिसते न्हवं? पूजा, ऐकलंस का गं, हदगावात बी दिसतोय आपन!’

मी नकाशा काढून चटईवर पसरला. कोपऱ्यांवर चार पेढे ठेवले, कारण दुसरं वजन नव्हतं. कौसल्याबाई वाकून बघायला लागल्या. ‘हे काय हो, जिमीन मोजनी हाय का?’

‘ही निळी रेघ माझा एरिया. हिच्या आत तुम्ही दिसायचं नाही. तसं लिहून द्या. बदल्यात सांगा काय पाहिजे.’

त्या गंभीर झाल्या. बोटानं निळी रेघ गिरवत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. ‘हितं माझी नणंद राहती. तिला दिसले तर चालंल का?’

‘नणंदेला सूट.’

‘तिच्या जावंला?’

‘जावेला सूट. बस, दोन घरं. त्याच्यावर एकही नाही.’

‘आन् जाऊ शेजारनीला दावती, तिचं काय करू?’

पूजा तोंडावर पदर धरून आत पळाली. माझं डोकं तापलं. ‘बाई, मस्करी नाही! तुम्ही माझ्या लोकांना ओढून राहिल्या.’

‘भाऊ,’ कौसल्याबाई अगदी थंडपणे म्हणाल्या, ‘तुमची लोकं मी कशाला ओढू? मी आपली हितं बसून बोलते. ती तिकडून अंगठा लावून येतात. तुमाला अडवायचंच तर अंगठे अडवा.’ मग नकाशावरचा एक पेढा उचलून माझ्या हातावर ठेवला. ‘आज घरात कार्य हाय. जेवून घ्या. भांडन उद्या करू, पळून जात न्हाई मी.’

सहापासून बाया यायला लागल्या. आमच्याकडे डोहाळजेवणाला घरच्या पंचवीस-तीस येतात. इथं तीनशे तरी होत्या. एकेक जण फ्लेक्सला कुंकू लावायची, ओटी पुढं ठेवायची आणि मागं वळून फोटो काढायची. पेढा की बर्फीचा प्रश्न आला तेव्हा खोळंबा झाला. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक गर्भारशीनं उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पण फ्लेक्सला हात नाही. एक म्हणाली मावशीनं उघडावी, दुसरी म्हणाली मावशी काय गर्भार आहे का, तिसरी म्हणाली फोनवर मतं घ्या. मतं घेतली. बर्फी निवडून आली.

साडेसातला मालिकेचा आजचा भाग सगळ्यांनी मिळून बघायचा होता. मोठा टीव्ही मांडून पूजानं तो फोनच्या इंटरनेटला जोडला होता. तीनशे बाया, तीनशे फोन, आणि प्रत्येकीनं आपापल्या घरी थेट दाखवायला सुरुवात केली. मुरुडच्या टॉवरनं मान टाकली. टीव्हीवर केतकी तोंड अर्धं उघडून थिजली आणि तिच्यावर एक गोल गरागरा फिरायला लागलं.

‘केतकीला चक्कर आली वाटतं,’ मागून कुणीतरी म्हणालं.

कौसल्याबाई हसल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. नांदेडचे शेठ सोडून सौजन्यवाले सगळे पहिल्या रांगेत बसलेले, आणि आजचा भाग दिसला नाही तर उद्या त्यांच्यातला एकही दारात उभा राहणार नव्हता. मी मनात म्हणालो, बरं झालं. आणि मनात म्हणेपर्यंत माझे पाय शेजारच्या घराकडे वळलेले होते. बावीस वर्षांची सवय. कुठं पडदा बंद दिसला की मला बसवत नाही.

शेजारी नाना म्हणून एक म्हातारे. सगळ्या गल्लीत केबल फक्त त्यांची चालू होती. मी बॉक्स मागितला.

‘बाजारभाव लागायचेत,’ नाना म्हणाले.

‘नाना, तीनशे बाया खोळंबल्यात.’

‘सोयाबीन बी खोळंबलंय.’

पहिल्या रांगेतली खुर्ची आणि चार पेढे यावर सौदा पटला. मग मुरुडच्या केबलवाल्याला फोन लावला. ‘तुमच्या एरियात हात लावतोय, परवानगी द्या,’ म्हणालो. तो म्हणाला, ‘लावा हो, इथं आता माझं मलाच कुणी विचारत न्हाई.’ नानांच्या खिडकीतून वायर काढली, निंबाच्या फांदीवरून मांडवात उतरवली, तोंडानं सोलून जोडली. गोल गेलं, केतकी बोलायला लागली. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी तीनशे बायांकडे अशा नजरेनं बघितलं की आता कळलं का केबल काय असते.

आणि मग माझ्या लक्षात आलं की टीव्हीकडे कुणी बघतच नाहीये. सगळ्या खुर्च्या आडव्या वळलेल्या होत्या. बाया कौसल्याबाईंचं तोंड बघत होत्या. त्या डोळे मोठे करतील तेव्हा या मोठे करणार. पडद्याकडे बघणारी माणसं मांडवात तीनच. एक कौसल्याबाई, त्यांचा तो धंदा. दुसरे नाना, कारण बाजारभाव मधल्या जाहिरातीत लागतील अशी त्यांना आशा. आणि तिसरा मी.

मालिकेत डॉक्टर आला. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. तीन वेळा विजा कडाडल्या. मग म्हणाला की रिपोर्ट बदलले गेले होते, केतकी गर्भार नव्हतीच कधी.

फ्लेक्सपुढं ओट्यांचा ढीग, आत तीनशे जणींचा स्वयंपाक, आणि सगळ्या जणी कौसल्याबाईंच्या तोंडाकडे बघत. ज्या बाईनं माझी पट्टी घालवली ती बाई पदराचं टोक मुठीत आवळून नुसती बसली होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. मी उठलो आणि टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो.

‘अरे डॉक्टर आहेस का कोण आहेस? दोन महिने ही पोरगी ओकून राहिली ते काय एसटी लागली म्हणून? सासूनं कैऱ्या आणल्या, नवऱ्यानं पाळणा आणला, तेव्हा तू काय चष्माच पुसत होतास? आमच्या हदगावच्या बाजारात म्हैस गाभण आहे का ते माणूस उभ्या उभ्या सांगतो, आणि तुला दोन महिने कळलं नाही? इथं तीनशे पानं पडायचीत! या बायांनी आता जेवायचं का तुझ्या रिपोर्टची वाट बघायची? काही नाही! डोहाळजेवण झालं म्हणजे झालं! गर्भार नसेल तर उद्या होईल! वाढा रे पानं!’

मग मागच्या रांगेतून एक म्हातारी खदखदून हसली, आणि सगळा मांडव फुटला. पानं वाढली गेली. भरली वांगी, पुरणपोळी, आमटी, पाच प्रकारचे भात. फ्लेक्सलाही पान वाढलं. मी जेवताना दहा जणी येऊन मला वाढून गेल्या. पूजाचा फोन माझ्याकडे वळलेला होता, ते मला जेवण झाल्यावर कळलं.

दुसरा दिवस

सकाळी ओसरीवर पूजानं मला फोन दाखवला. मी टीव्हीला शिव्या देत होतो आणि खाली लोकांच्या प्रतिक्रिया सरकत होत्या. ‘हे केबलवाले काका कोण?’ ‘काकांना रोज दाखवा.’ एकीनं लिहिलं होतं, ‘आमच्या सासऱ्यांसारखेच, पण ह्यांचं पटतं.’

कौसल्याबाई समोर येऊन बसल्या. ‘भाऊ, एक बोलू का? तुमी रोज टीव्ही बगायचा आन् चिडायचं. बस. बाकीचं पूजा बगंल. मी सांगत जाईन, तुमी चिडत जावा. एका व्हिडिओचं येवढं देते.’

त्यांनी आकडा सांगितला. मी गप्प बसलो. चांगला आकडा ऐकूनही गप्प बसावं लागतं, हा नियम आहे. डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. आयुष्यभर मी राग फुकट वाटला. बायकोवर, लाइनमनवर, वीज मंडळावर, शेठवर. आणि हा माल विकला जातो, हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नाही!

मी दुप्पट मागितलं. त्यांनी दीडपट दिलं. मी नकाशा पुन्हा पसरला. ‘आणि हदगाव तालुक्यात माझा व्हिडिओ आधी माझ्या चॅनेलवर लागेल. फोनवर दुसऱ्या दिवशी.’

‘मंजूर,’ कौसल्याबाई म्हणाल्या. एवढ्या लवकर मंजूर झालेलं बघून मी सावध व्हायला हवं होतं.

पूजानं शेठच्या दुकानात होतं तसलंच उजेडाचं कडं पेटवलं, काल रात्रीचा भाग पुन्हा लावला. ‘काका, चिडा.’

मला राग येईना. एरिया राहिला होता, भाव मनासारखा मिळाला होता, पोटात कालची पुरणपोळी होती. डॉक्टर चष्मा पुसत होता तो मला चांगल्या घरचा वाटायला लागला. तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तर मी केतकीला ‘तब्येतीला जप’ म्हणालो.

कौसल्याबाईंनी सुस्कारा सोडला. ‘राहू द्या. जमंना तुमाला. असं करू, निम्म्या भावात करा. आन् ते एक दिवस आधीचं बी राहू द्या, तुमचं चॅनेल बगतंय तरी कोन?’

पुढचं मला सलग आठवत नाही. बावीस वर्षं आठवली, खांब आठवले, मोडलेला हात आठवला. शब्द दिलाय, शब्द फिरवणाऱ्या बाईच्या घरचं पाणी पिणार नाही, असं बरंच बोललो. सरकारला बोललो, टॉवरला बोललो, जो कोणी मालिका लिहितो त्याच्या सात पिढ्यांना बोललो. नाना शेजारून उठून बघायला आले. श्वास संपला तेव्हा थांबलो.

‘झालं काका,’ पूजा म्हणाली. ‘एका टेकमध्ये. थेट फोनवरच सोडलं.’

मी कौसल्याबाईंकडे बघितलं. त्या पान लावत होत्या.

‘आता पहिला भाव,’ मी म्हणालो.

‘निम्म्या भावात येवढा झ्याक राग येतोय, मंग पुऱ्या भावात कशाला घ्यायचा?’

आयुष्यात पहिल्यांदा सौदा मी हरलो. पान मात्र दिलं त्यांनी. कलकत्ता, बडीशेप जास्त.

परत हदगाव

परतीच्या गाडीत पुढच्या सीटवरची बाई फोन बघून हसत होती. मधेच तिनं मागं वळून माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोनकडे बघितलं आणि नवऱ्याला कोपर मारलं. नांदेड येईपर्यंत अर्धी गाडी माझ्याबरोबर फोटो काढून झाली होती. कंडक्टरनं विचारलं, ‘काका, सुट्ट्या पैशांवरून एकदा माझ्यावर चिडता का? घरी दाखवतो.’ मी खरंच चिडलो. तो खूश झाला.

शेठकडे गेलो. लिहून काही आणलं नव्हतं, म्हणून पायऱ्या चढतानाच काय ऐकावं लागेल ते मनाशी ठरवून टाकलं होतं. शेठनी स्वतः उठून खुर्ची दिली. मिशीवाला सेल्समन फोन हातात धरून माझ्या पाया पडला.

‘दिगंबरराव, पट्टी चालू करा. पुऱ्या वर्षाची.’

मला भरून आलं. म्हणालो, ‘शेवटी केबलची किंमत कळली ना, शेठ?’

‘हाव. पण मजकूर बदलायचा आहे.’ त्यांनी चिठ्ठी सरकवली. साडीचं नाव नाही, सेलचं नाव नाही. लिहिलं होतं, ‘केबलवाले काकांचा राग बघण्यासाठी टीव्ही बंद करा आणि फोन उघडा. सौजन्य,’ आणि पुढे दुकानाचं नाव.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. माझ्या चॅनेलवर, माझ्या हातानं टाइप करून, माझ्याच लोकांना मी सांगायचं की उठा आणि दुसरीकडे जाऊन मला बघा. शेठ माझ्या तोंडाकडे बघत होते. सेल्समननं हळूच फोन वर धरला होता.

मी चिडलो नाही. फुकट कशाला चिडायचं? चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि म्हणालो, ‘मजकूर लांब आहे शेठ. पट्टीचा भाव अक्षरावर असतो.’

अक्षरं मोजून भाव वाढवून घेतला आणि संध्याकाळी हदगावला आलो. चॅनेल चालू आहे. पट्टी फिरते आहे. ती वाचून कुणी टीव्ही बंद केला अशी तक्रार अजून एकही आलेली नाही.